घोडीच्या पोटाचं माप

तीन दिवस झाले, उंबू लापूचं बूड कुठे टेकत नव्हतं. बांबूच्या ओट्यावर बसला की उठायचा, खाली घोड्यांकडे जायचा, तिथून कुंपणापर्यंत, कुंपणापासून परत. समोर भात आला की दोन घास खाऊन ताट सरकवायचा. शेजारी म्हणाले, म्हाताऱ्याला शर्यतीचे वेध लागलेत. लापूने त्यांना तसं समजू दिलं. खरं कारण त्याने कुणाला सांगितलं असतं तर त्याच्यावर कुणी विश्वास ठेवला नसता. एका बाईने त्याला एक साधा प्रश्न विचारला होता आणि त्याने एक साधं खोटं ठोकून दिलं होतं. बाजारात आजवर याहून मोठी खोटी बोलून तो घरी येऊन ढाराढूर झोपला होता.

लापूचा शब्द सगळ्या खोऱ्यात चालायचा, पण तो घोड्यांपुरता. बाकी बाबतीत त्याला कुणी विचारत नसे, आणि तो सांगितल्याशिवाय राहत नसे. वीस वर्षांपूर्वी वाइंगापू शहरातल्या एका शौकिनाने शर्यतीसाठी ऑस्ट्रेलियातून घोडा आणला. केवढा थोरला, तर आपल्या सुंबा बेटावरचा घोडा त्याच्या पोटाखालून जाईल. लापूने आपली एवढीशी घोडी त्याला दाखवली तेव्हा लोकांनी त्याला वेड्यात काढलं. राक्षसाचं पोर पोटात घेऊन ही मरणार, असं जो तो म्हणत होता. अकरा महिन्यांनी घोडी व्यायली. शिंगरू नेहमीसारखंच, घोडीच्या मापाचं. बाहेर आल्यावर मात्र असं वाढलं की दोन वर्षांत आईच्या डोक्यावर गेलं. तेव्हापासून लापू म्हणू लागला, "घोडीचं पोट आपलं माप जाणतं. आत असेतो आईचं राज्य, बाहेर पडल्यावर बापाचं." हे वाक्य खोऱ्यात इतकं फिरलं की आपण ते शोधलं हे सांगायला त्याला रोज कुणीतरी नवा माणूस शोधावा लागे.

त्याची एकुलती एक लेक लिका दोन टेकड्यांपलीकडच्या गावात दिलेली होती. लिका आईसारखीच बुटकी, हडकुळी. तिचा नवरा रेतांग चांगला दांडगा, दारातून आत येताना वाकणारा. उन्हाळ्यात पिकअपवर टाक्या चढवून गावोगाव पाणी विकायचा. लिकाला पहिल्यांदाच दिवस गेले होते आणि आता भरत आले होते. त्या भागाची सरकारी सुईण ओर्पा दर महिन्याला मोटारसायकलवर यायची, पोटावर टेप धरायची, वहीत आकडा लिहायची. गेल्या महिन्यात तिने वही मिटली आणि सांगितलं की पोट दिवसांच्या मानाने फार मोठं आहे, लिकाला शहरात न्या, रक्तातली साखर तपासा आणि बाळंतपण तिथेच होऊ द्या.

लापूला जसं मानाने उंबू म्हणत, तसं लिकाच्या सासूला, लेबाला, रांबू म्हणत; तिला शहराचं नाव काढलं की कपाळशूळ उठायचा. नेमका त्या दिवशी लापू लेकीला भेटायला आलेला. लेबाने त्याला विचारलं, आणि घोड्यांचा विषय नसतानाही त्याने तो आणला. रेतांग कितीही दांडगा असो, माझी लिका एवढीशी आहे, पोर तिच्या मापाचंच होणार, असं म्हणून त्याने ते वाक्य ऐकवलं. ओट्यावरचे सगळे हसले. लेबा तर डोळे पुसेपर्यंत हसली. ओर्पाला एक कोंबडी देऊन मानाने वाटेला लावलं.

निघताना ओर्पा लापूला एवढंच म्हणाली, "पोर आईच्या मापाचं होतं, हे मलाही माहीत आहे, उंबू. पण आईचं माप म्हणजे नुसती उंची नाही."

आणि तीन दिवसांपूर्वी तिने त्याच्या कुंपणाशी मोटारसायकल थांबवली. उतरली नाही. लिकाची आई कशाने गेली, एवढंच विचारलं. तो म्हणाला, तापाने. तिने ते लिहून घेतलं, हेल्मेटचा पट्टा आवळला आणि गेली.

त्याच्या बायकोला, बाबांगला, ताप आला नव्हता. म्हणजे आला होता, पण शेवटच्या चार दिवसांत. त्याआधी दोन वर्षं तिचा पाय सडत होता. त्याच्याही आधी कितीतरी वर्षं ती रात्रंदिवस पाणी प्यायची. घरामागे ती जिथे लघवीला बसायची तिथे मुंग्यांची रांग लागायची. हे काय आहे ते दवाखान्यातल्या एका पोराने लापूला सांगितलं होतं, अगदी नाव घेऊन सांगितलं होतं. साखर. तिच्या आईलाही तेच होतं, मावशीलाही.

मग लिका उपवर झाली, लेबाची माणसं मागणी घालायला आली. अशा बोलण्यांत व्याही समोरासमोर बोलत नाहीत, दोन्हीकडचे तोंडपाठ शब्दांत बोलणारे मध्यस्थ बसतात आणि गुंडाळून गुंडाळून विचारतात. त्यांनी गुंडाळून विचारलं की मुलीची आई लवकर का गेली. लापू आयुष्यभर घोडे विकत आला होता. शहाणं गिऱ्हाईक शिंगराचे दात नंतर बघतं, आधी त्याची आई बघतं, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत. त्याने आपल्या माणसाच्या कानात सांगितलं, ताप म्हण. त्यांनी मुलीच्या डाव्या हाताबद्दल विचारलं, तो खांद्याच्या वर का जात नाही. लापूने सांगितलं, म्हण की लहानपणी घोड्यावरून पडली.

लिका घोड्यावरून कधीच पडली नव्हती. तो हात तिने जन्मतःच आणला होता. बाबांग दोन दिवस अडली होती. डोकं बाहेर आलं आणि खांदा आत अडकला. म्हाताऱ्या सुईणीने हात धरून ओढलं तेव्हा काहीतरी तुटल्यासारखा आवाज झाला, तो लापूने भिंतीपलीकडून ऐकला. मग सुईण बाहेर आली आणि म्हणाली, मुलगी नाही, वासरू झालंय. एवढ्याशा बाईला एवढं थोरलं पोर झालं, म्हणून लापूने गावात सुपारी वाटली होती. महिनाभर मिरवला होता. आणि पुढे तीच लिका आईएवढीशीच वाढली, तेव्हा जन्मतः ती केवढी होती हे तो सोयीने विसरला. घोडीवरून सुचलेलं वाक्य त्याला आवडलं होतं. ते खोटं पाडणारी गोष्ट त्याच्याच घरात घडली होती, तर तिचं काय करायचं? त्याने ती उचलून बाजूला ठेवली, इतकंच.

चौथ्या दिवशी उजाडताच त्याने खोगीर घातलं. न खाता निघाला. दोन टेकड्या चढता-उतरता स्वतःलाच समजावत होता की कदाचित काही नसेल, सगळ्याच गोष्टी आईकडून येत नाहीत, नाक तर लिकाने त्याचंच घेतलंय. पण घोडं सावकाश चालायला लागलं की त्याला राग यायचा, आणि पळायला लागलं की भीती वाटायची. वाटेत गवत पार करपलं होतं. रेतांगचा पिकअप घराखाली उभा दिसला तेव्हा त्याला जरा हायसं वाटलं, आणि लगेच वाटलं की हा आज पाणी विकायला का गेला नाही.

पहाटेपासून लिकाच्या कंबरेत कळा येत होत्या. बारीक बारीक. पहिलटकरीण आहे, संध्याकाळपर्यंत कुठे काय होतंय, म्हणून कुणालाच घाई नव्हती. लापूने आत डोकावून पाहिलं. लिका भिंतीला टेकून बसली होती, पाय सुजलेले. त्याला पाहून हसली आणि बोलण्याआधी तिने घटाघटा पाणी प्यायलं. मग परत ओतून प्यायलं.

"किती पितेस गं?" लापूने विचारलं.

"तहानच भागत नाही, आमा. रात्री सात वेळा उठते," लिका बापाला म्हणाली. "सासूबाई म्हणतात, पोरगं पाणी मागतंय. पाणीवाल्याचं पोर ना."

लापू तिथून बाहेर आला तो थेट घराच्या मागे गेला. तिथे न्हाणीच्या दगडापाशी खाली वाकून पाहत राहिला. मुंग्या होत्या.

ओट्यावर तोवर चटई अंथरलेली होती. मुलीकडचा माणूस न कळवता आला म्हणून लेबाची तारांबळ उडाली होती, एक कोंबडी पकडायला कुणीतरी धावत होतं. लापू बोलायला तोंड उघडतो तोच लेबाने पानाची टोपली पुढे सरकवली. पान खाल्ल्याशिवाय कामाचं बोलायचं नसतं. सुपारी फोडायची, चुना लावायचा, चघळायचं, गुरांची चौकशी करायची, पावसाबद्दल कुरकुर करायची, मग कुठे मूळ मुद्द्याकडे वळायचं. अर्धा दिवस सहज जातो. लापूने स्वतः जन्मभर हेच केलं होतं आणि ज्यांना घाई असायची त्यांना तो अडाणी म्हणायचा.

त्याने टोपली हाताने मागे ढकलली.

कोंबडीमागे धावणाराही थांबला. पान नाकारणं म्हणजे वैर. सोयरीक मोडायला आलेला माणूसदेखील आधी पान खातो आणि मग मोडतो. लेबाचा चेहरा पांढराफटक पडला. रेतांग उठून उभा राहिला आणि त्याचं डोकं वाशाला आपटलं.

"पिकअप काढ," लापू त्याला म्हणाला. "लिकाला घाल आणि आत्ताच्या आत्ता वाइंगापूला चल."

"झालं काय पण?" लेबाने विचारलं. "तुम्हीच तर म्हणालात, घोडीचं पोट—"

"मी गाढव आहे," लापू म्हणाला. "ऐका. बाबांग तापाने गेली नाही. तिला साखर होती. तिच्या आईलाही होती. पाय सडून गेली ती. लिका जन्मली तेव्हा वासराएवढी होती, खांदा अडकला, म्हणून तिचा हात तसा आहे. घोड्यावरून कधी पडली नाही ती. मी खोटं बोललो तुमच्याशी. पोरीला कुणी नाकारू नये म्हणून बोललो. काय दंड करायचा तो नंतर करा. आता तिला हलवा."

मधला माणूस नाही, गुंडाळणं नाही. आपल्या आयुष्यात आपण इतकं सरळ कधी बोललो नव्हतो, असं त्याला वाटलं. तो लेबाकडे पाहत होता. ती ओरडेल, शिव्या देईल, लेक परत घेऊन जा म्हणेल, याची त्याने वाटभर तयारी केली होती. लेबा उठली, आत गेली आणि लिकाच्या बगलेत हात घालून तिला उठवू लागली.

पाण्याची टाकी उतरवायलाही कुणी थांबलं नाही. रेतांगने नुसता नळ सोडून दिला आणि अर्ध्या वाटेपर्यंत पिकअपमागे रस्ता ओला होत गेला. लिका पुढे बसली, लेबा तिला धरून. लापू मागे टाकीला धरून उभा होता. ओर्पाला रेतांगने फोन लावला. ती म्हणाली, मी दवाखान्यात कळवते, तिला काही खायला घालू नका. वाटेत दोनदा कळ इतकी मोठी आली की लिकाचा आवाज मागे ऐकू आला. लापू टपावर हात आपटून "हाक, हाक" करत होता, रेतांगला की स्वतःच्या जिवाला, ते त्याचं त्यालाच ठाऊक. दोन तासांत त्याने बाबांगच्या त्या दोन दिवसांचा एकेक तास आठवला. भिंतीपलीकडचा तो आवाज त्याला परत परत ऐकू येत होता.

दवाखान्यात जावाहून आलेली एक तरुण डॉक्टर होती. तिने बोटातून रक्त काढलं, आकडा पाहिला, पोटावर यंत्र फिरवलं आणि घरात कुणाला साखर आहे का विचारलं. लापूने सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना सोपं गेलं. ती म्हणाली, शस्त्रक्रिया करावी लागेल, मूल मोठं आहे आणि खांदे डोक्याच्या मानाने फार रुंद आहेत. रेतांगने सही केली. लिकाला आत नेलं.

दार लागल्यावरही लापू डॉक्टरला सोडेना. मग ती घोडी? माझ्या घोडीचं शिंगरू तर लहान झालं होतं. डॉक्टरने त्याच्याकडे जरा नवलाने पाहिलं, पण चालता चालता उत्तर दिलं. घोडीबद्दल तुमचं बरोबर आहे, म्हणाली. आई अंगाने लहान असली तर पोटातलं मूलही बहुधा लहान राहतं, आणि ती ठेवण आईला तिच्या घराण्यातून येते. पण साखर चढायची खोडही तिला घराण्यातूनच येते. आईच्या रक्तात साखर जास्त झाली की ती मुलाला पोचते आणि मूल फुगत जातं. दोन्ही आईकडूनच. तुमच्या लेकीत दुसरं वरचढ ठरलं.

दार पुन्हा लागलं. रेतांग बाकावर डोकं धरून बसला. लापू त्या व्हरांड्यात येरझाऱ्या घालत राहिला. पान खाऊ नये, थुंकू नये अशी पाटी भिंतीवर होती, आणि हाताला काहीतरी फोडायला हवं होतं, चोळायला हवं होतं. सोळा पावलं तिकडे, सोळा पावलं इकडे. लेबा भिंतीपाशी बसली होती ती त्याच्याकडे पाहतसुद्धा नव्हती. तेवढंच बरं, असं त्याला वाटलं.

पाऊण तासाने आतून रडणं ऐकू आलं. मग नर्स आली. मुलगी. चार किलो तीनशे. आई शुद्धीवर आहे, ठीक आहे. बाळाची साखर एकदम उतरू शकते म्हणून तिच्या टाचेतून दर थोड्या वेळाने रक्त काढून बघणार. रेतांग लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला. लापूने नर्सला सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं.

लिकाला खोलीत आणल्यावर तिघेही तिच्याभोवती जमले. तिचे ओठ सुकले होते, पण डोळे उघडे होते. बाळ शेजारच्या पाळण्यात होतं, गालांनी डोळे झाकलेलं. भीती ओसरली की माणसं बडबडतात, तसं झालं. लापूने लेबापुढे हात जोडले आणि म्हणाला, आता बोला, रांबू, काय बोलायचंय ते.

लेबाने बाळाचं दुपटं सारखं केलं. "काय बोलू?" ती म्हणाली. "आम्हाला माहीत होतं, उंबू."

"काय माहीत होतं?"

"बाबांगच्या पायाचं. मागणी घालण्याआधी आम्ही तुमच्या गावात माणूस पाठवला होता. तुम्हीच आई बघून घोडं घेता होय? आणि तो हात. सात बाळंतपणं केलीत मी. पडून मोडलेला हात असा लोंबत नाही, जन्मताना ओढलेला लोंबतो. बघताक्षणी कळलं. पण रेतांग हटून बसला होता, हीच पाहिजे. मग तुम्ही ताप म्हणालात, आम्ही ताप धरला. व्याह्याला खोटं पाडायचं कशाला?"

लापूला हसू फुटलं. लेबालाही फुटलं. म्हणजे मी तुम्हाला फसवत होतो आणि तुम्ही मला फसवू देत होतात, तो म्हणाला, आणि तिने त्याच्या खांद्यावर चापट मारली. रेतांगही डोळे पुसत हसला. मला पण माहीत होतं, आमा, म्हणाला. आजवर इतक्या घोड्यांचे व्यवहार झाले, पण असा व्यवहार खोऱ्यात झाला नसेल, असं लापू म्हणाला, आणि हा किस्सा आता कुणाकुणाला सांगायचा हे त्याच्या मनात येऊनही गेलं.

लिका हसत नव्हती.

"तुम्हाला माहीत होतं," ती बापाला म्हणाली. आवाज अगदी बारीक होता, टाके दुखत असावेत. मग सासूकडे वळली. "तुम्हालाही. यालाही. ओर्पाबाईंनी मला दोनदा विचारलं, घरात कुणाला साखर आहे का. मी म्हणाले, नाही. माझी इना तापाने गेली. मी तीन वर्षांची होते, मला तेवढंच सांगितलं होतं."

रेतांगचं हसू मावळलं.

"तुम्ही दोघांनी एकमेकांचा मान ठेवलात, ते ठीक," लिका म्हणाली. "पण मरणार मी होते ना?"

लेबा दुपट्याची कड बोटांनी चुरगाळत होती. रेतांग खिडकीबाहेर बघू लागला.

नर्स आली. बाळाची टाच धरून तिने सुई टोचली, बाळ किंचाळलं. लिकाने उजवा हात लांबवून पाळण्याची कड पकडली. रक्ताचा थेंब यंत्रावर घेऊन नर्स आकड्याची वाट बघत उभी राहिली.

"आकडा काय येतो ते मला सांगा," लिका नर्सला म्हणाली. "यांना नको. मला." मग बापाकडे न बघता म्हणाली, "आता इनाचं सांगा. पाणी प्यायला लागली तिथपासून. काही गाळू नका."

लापूने घसा साफ केला, आणि सांगायला लागला.